कॅटलॉगमध्ये फाइल दिसते, डिस्क लावली की सापडत नाही: कुठून तपासायला सुरुवात करायची?

लग्नांचे फोटो, सप्ताहातली कीर्तनं, खंडोबाच्या यात्रेचं शूटिंग, जमिनीच्या जुन्या कागदांचे स्कॅन. लातूर, परभणी, बीड, जालना, कुठल्याही गावातल्या जुन्या स्टुडिओचं कपाट उघडा, एक्स्टर्नल हार्ड डिस्कची रांग दिसेल. फोटो मागायला गिऱ्हाईक आलं की एकेक डिस्क लावून बघण्यापेक्षा सगळ्या डिस्कमधल्या फाइलींची यादी, म्हणजे कॅटलॉग, कॉम्प्युटरवर ठेवायची आणि डिस्क न लावताच शोधायचं, ही सोय आता बऱ्याच जणांनी केली आहे. कुणी विनकॅटलॉग वापरतं, कुणी कॅथी, कुणी व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू, मॅकवाले निओफाइंडर, आणि बरेच जण एक्सेलमधली साधी यादी. सॉफ्टवेअर कुठलंही असो, माझ्याकडे येणारी तक्रार एकच असते: "भाऊ, यादीत तर दिसायलंय, डिस्कमध्ये सापडंना."

अशा वेळी पहिला विचार सॉफ्टवेअर बदलायचा येतो. त्याने सहसा काही होत नाही. मी हे काम वर्षानुवर्षं करतो आहे, आणि दोष बहुतेक वेळा डिस्कची ओळख कशी ठेवली आहे यात निघतो, त्याखालोखाल नावं कशी टाइप केली आहेत यात. डिस्क खरोखर खराब निघणं हे तिसऱ्या नंबरचं कारण. पण ते सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याची एक खूण आधीच सांगतो.

लक्षणं

– कॅटलॉगमध्ये फोल्डर दिसतो. त्यात सांगितलेली डिस्क लावली, तर आत भलतंच काही.
– फोल्डर डिस्कवर आहे हे नक्की माहीत आहे, पण कॅटलॉगच्या शोधात येत नाही.
– मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा विचित्र अक्षरं.
– स्कॅन अर्ध्यात थांबतो, किंवा पूर्ण झाल्याचं सांगतो पण फाइली कमी भरतात.
– डिस्क काढली की कॅटलॉगमधली तिची नोंदही गायब.
– डिस्क लावल्यावर टक-टक आवाज येतो, किंवा फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागतं.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही करू नका. डिस्क काढा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. बाकी सगळ्यांनी खालच्या क्रमाने तपासा. बिनपैशाची आणि बिनधोक कामं आधी ठेवली आहेत.

आधी डिस्क हातात घेऊन बघा

डिस्कवर चिकटवलेला नंबर आणि कॉम्प्युटरवर दिसणारं डिस्कचं नाव एकच आहे का? बहुतेक ठिकाणी नसतं. कपाटातल्या चार डिस्कची नावं "न्यू व्हॉल्यूम" आणि तिघींची कंपनीने दिलेली, तीही एकसारखी. कॅटलॉग बिचारा "न्यू व्हॉल्यूममध्ये आहे" असं बरोबर सांगत असतो. कुठल्या, ते त्याला सांगता येत नाही, कारण आपणच ते त्याला सांगितलेलं नसतं.

प्रत्येक डिस्कला कधीच पुन्हा न वापरला जाणारा क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक तीन ठिकाणी ठेवा: डिस्कच्या अंगावर, तिच्या खोक्यावर आणि डिस्कच्या नावात. खोक्यावरचा एकटा नंबर उपयोगाचा नाही, घाईत खोकी बदलतात. नाव लहान ठेवा. एक्सफॅट आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कचं नाव ११ अक्षरांपर्यंतच जातं, एनटीएफएसमध्ये ३२ पर्यंत. देवनागरीत काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजला जातो, त्यामुळे डिस्कच्या नावापुरती रोमन अक्षरं आणि आकडे बरे. आत काय आहे ते नावात कोंबायची गरज नाही, ते सांगायलाच तर कॅटलॉग आहे. डिस्क बाद झाली तर तिचा क्रमांक नव्या डिस्कला देऊ नका. जुन्या नोंदी आणि नवी डिस्क यांचा गुंता पुढे सुटता सुटत नाही.

ही तीच डिस्क आहे का?

यादी "एफ ड्राइव्ह" असं म्हणत असेल, तर ती नोंद ओळख म्हणून धरू नका. ड्राइव्हचं अक्षर विंडोज त्या क्षणी मोकळं असेल ते देतं. त्या दिवशी पेनड्राइव्ह आधी लावला असेल तर हीच डिस्क "जी ड्राइव्ह" होते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर "ई ड्राइव्ह". एक्सेलमधल्या आणि नोटपॅडमधल्या हाताने केलेल्या याद्या इथेच फसतात.

खात्रीची ओळख म्हणजे व्हॉल्यूमचा, म्हणजे फॉरमॅट केलेल्या डिस्कचा, सिरियल नंबर. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, व्ही-ओ-एल ही तीन अक्षरं टाइप करा, एक जागा सोडून ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन द्या. चार-चार अक्षरांचे दोन गट, मध्ये आडवी रेघ, असा नंबर येतो. तो कॅटलॉगमधल्या त्या डिस्कच्या माहितीशी ताडून बघा. चांगली कॅटलॉग सॉफ्टवेअर हा नंबर नोंदवून ठेवतात. हाताने यादी करत असाल तर पहिल्या ओळीत तो लिहा.

नंबर जुळला नाही, तर एक तर डिस्क वेगळी आहे किंवा मध्ये कुणीतरी ती फॉरमॅट केली आहे, कारण फॉरमॅट केल्यावर हा नंबर बदलतो. दुसरी शक्यता वाटली तर त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका, आधी घरात-दुकानात विचारा. उलट बाजूने एक सावधगिरी: एका डिस्कची हुबेहूब क्लोन काढली असेल तर दोन्ही डिस्कचा हा नंबर एकच येतो. तिथे फरक सांगणारा अंगावरचा क्रमांकच कामाला येतो.

कॅटलॉग कधीचा आहे, आणि कुठे ठेवला आहे

कॅटलॉग म्हणजे स्कॅन केला त्या दिवसाचं चित्र. नंतर डिस्कमध्ये फोल्डर हलवले, नावं बदलली, जागा हवी म्हणून काही उडवलं, तर कॅटलॉगला त्याचा पत्ता नसतो. स्कॅनची तारीख बघा आणि जुनी असेल तर पुन्हा स्कॅन करा. शूटिंगच्या दिवसांत डिस्कमध्ये भर पडली की ती कपाटात परत ठेवण्याआधी स्कॅन करायची सवय लावा. काम काही मिनिटांचं आहे.

कॅटलॉगची फाइल कुठे आहे तेही बघून घ्या. ती डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये असते, विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि सगळ्या डिस्कची यादी एका झटक्यात जाते. मग जुनीच कुठली तरी प्रत शोधून वापरली जाते आणि "कॅटलॉग चुकतोय" ही तक्रार सुरू होते. स्कॅन चालू असताना लाईट गेली तरी फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते. आपल्याकडे हे नवीन नाही, म्हणून प्रत्येक स्कॅनआधी कॅटलॉग फाइलची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा आणि डेस्कटॉप कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तरच मोठा स्कॅन लावा.

"एव्हरीथिंग" हे शोधाचं सॉफ्टवेअर काही जण कॅटलॉग म्हणून वापरतात. डिस्क काढली की नोंद गायब ही तक्रार तिथली. त्याच्या पर्यायांमध्ये ऑफलाइन व्हॉल्यूम आपोआप काढून टाकण्याची एक खूण असते, ती बंद करा. त्याहून बरं म्हणजे त्यातच प्रत्येक डिस्कची वेगळी फाइल लिस्ट बनवून साठवून ठेवा.

शोध येत नाही: मराठी नावांचा घोळ

इथे थोडं थांबतो, कारण सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांपैकी निम्मे तरी लोक याच कारणाने वैतागलेले असतात आणि दोष सॉफ्टवेअरचा नसतो.

"वऱ्हाड" शब्द घ्या. स्टुडिओच्या डिस्कमध्ये तो हमखास असतो. यातला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत आणि पुढे ह. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. फोल्डरचं नाव एकाने एका कीबोर्डवर लिहिलं आणि शोध दुसऱ्याने मोबाइलवरून टाकला, की शून्य निकाल. "दुसऱ्या दिवशी", "नवऱ्या मुलाकडचे" यांचंही तेच. "ॲल्बम"मधल्या पहिल्या अक्षराचीही हीच गत: एकीकडे ते एकच अक्षर असतं, दुसरीकडे अ आणि त्यावर वेगळा चंद्र.

उपाय सोपा आहे. शंकेचं अक्षर सोडून उरलेला तुकडा शोधा. "वऱ्हाड"ऐवजी "हाड", "ॲल्बम"ऐवजी "ल्बम", "दुसऱ्या दिवशी"ऐवजी "दिवशी". दोन्ही प्रकारची नावं समोर येतील. मग एक प्रकार ठरवा आणि नवी नावं त्याच पद्धतीने लिहा, पुढच्या शोधाला त्रास होणार नाही.

आकड्यांचंही बघा. कुणी २०१९ देवनागरीत लिहितं, कुणी रोमन आकड्यांत. दोन्ही शोधा. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला, उदाहरणार्थ २०२४-०५-१२, तर फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

गावांची नावं हा आपल्या भागाचा खास प्रश्न झाला आहे. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. त्याआधीच्या फोल्डरांवर जुनी नावं आहेत, नंतरच्यांवर नवी, आणि काहींवर नुसतं "संभाजीनगर". अशा वेळी जुन्या डिस्कमधली नावं बदलत बसू नका, त्यात चुका होतात आणि जुन्या अल्बमच्या प्रोजेक्ट फाइली आपले फोटो शोधेनाशा होतात. कॅटलॉग सॉफ्टवेअरमध्ये टॅग किंवा शेरा लिहायची सोय असते. तिथे दोन्ही नावं टाका. रोमन लिपीतल्या नावांनाही टॅगच द्या, कारण "विवाह" कुणी व्ही लावून लिहितं, कुणी डब्ल्यू.

प्रश्नचिन्हं, विचित्र अक्षरं आणि चौकोन

हे तीन वेगळे आजार आहेत. चौकोन दिसत असतील तर फक्त फॉन्टची अडचण आहे, माहिती शाबूत आहे. त्या प्रोग्रामचा फॉन्ट बदलून निर्मला यूआय किंवा मंगल करा.

एक्सेलमध्ये यादी उघडल्यावर रोमन अक्षरांवर टोप्या-टिंबं असलेला कचरा दिसत असेल, तर एक्सेलने फाइल चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचली आहे. माहिती इथेही शाबूत आहे. मात्र ती तशीच सेव्ह करू नका. बंद करा, डेटा टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट" ने पुन्हा आणा आणि एन्कोडिंगमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा.

ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील तर ती नावं यादी बनताना गेली. कमांड प्रॉम्प्टमधून यादी फाइलमध्ये उतरवताना तिथल्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) देवनागरी बसत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) काढताना एन्कोडिंग सांगितलं नाही तरी हेच होतं. प्रश्नचिन्हांतून नाव परत मिळत नाही, फक्त यूटीएफ-८ सांगून पुन्हा यादी काढायची. डिस्कवरची मूळ नावं ठीक असतात, घाबरू नका.

एक्सेलवाल्यांना अजून एक गोष्ट. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो धरले तर तीनशे-चारशे लग्नांच्या स्टुडिओची यादी सहज तिथे पोचते, आणि पुढच्या फाइली शीटमध्ये येतच नाहीत. प्रत्येक डिस्कची वेगळी शीट करा.

केबल, पोर्ट आणि वीज

स्कॅन मध्येच तुटत असेल तर इथून पुढे खर्च सुरू होतो, पण पहिला खर्च केबलचाच. अडीच इंची डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट आणि त्यात लांब एक्स्टेन्शन, हे अर्धवट स्कॅनचं नेहमीचं कारण. मागच्या बाजूचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा, बिनविजेचा हब काढा, छोटी नवी केबल लावून बघा.

साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, तो १२ व्होल्टचा. लॅपटॉपचे अडॅप्टर साधारण १९ व्होल्टचे असतात आणि काहींची पिन तिथे बसते. बसली की डिस्कचा बोर्ड जळतो. अडॅप्टरवरही डिस्कचा क्रमांक लिहून ठेवा.

उन्हाळ्याचंही भान ठेवा. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरासाठीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात दुपारी ते केव्हाच ओलांडलेलं असतं. मोठे स्कॅन सकाळी करा आणि डिस्क गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवू नका.

स्कॅन पूर्ण झाला, पण फाइली कमी

डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा बघा आणि कॅटलॉगमधल्या एकूण आकाराशी ताडा. थोडा फरक राहतो, कारण रिसायकल बिन आणि विंडोजचे स्वतःचे लपवलेले फोल्डर मोजणीत येतात-जातात. शेकडो जीबींचा फरक मात्र खरा. २ टीबीची डिस्क विंडोजला १.८१ दिसते, ते यात धरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

फरक खरा असेल तर दोन कारणं तपासा. एक, लांबलचक मार्ग. जुनी सॉफ्टवेअर २६० अक्षरांपुढचा मार्ग वाचत नाहीत आणि बऱ्याचदा तसं सांगतही नाहीत. फोल्डरात फोल्डर, त्यात पूर्ण पत्ता, त्यात "फायनल नवीन फायनल" असं झालं की तिथली फाइल वगळली जाते. वरच्या एक-दोन फोल्डरांची नावं छोटी केली की आतलं सगळं मर्यादेत येतं. दोन, परवानगी. जुन्या कॉम्प्युटरच्या विंडोजमधून उचललेले युजरचे फोल्डर नव्या कॉम्प्युटरला उघडायची मुभा नसते. कॅटलॉग सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पुन्हा स्कॅन करा.

थंबनेल (फोटोंची छोटी चित्रं) आणि चेकसम (फाइल बदलली-बिघडली का हे ओळखायचा आकडा) यांचे पर्याय पहिल्या स्कॅनला बंद ठेवा. नुसती नावं वाचताना सॉफ्टवेअर डिस्कवरची अनुक्रमणिकाच वाचतं. थंबनेलसाठी त्याला एकेक फोटो उघडावा लागतो आणि चेकसमसाठी सगळी डिस्क वाचावी लागते. धडधाकट डिस्कला तो वेळेचा प्रश्न आहे. दुखऱ्या डिस्कचा त्यात जीव जाऊ शकतो.

डिस्कची तब्येत

इथवर उत्तर मिळालं नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल खराब. रंगापेक्षा चार ओळी वाचा: ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून दुसरीकडे हलवलेली सेक्टर (माहिती साठवायचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचताना अडलेली, निर्णयाची वाट बघणारी सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेली. सी७ बहुतेक केबलचा दोष दाखवते, म्हणून एकटी सी७ वाढलेली असेल तर केबल बदला आणि तो आकडा पुढे वाढतो का बघा. काही यूएसबी खोकी ही माहिती पुढे पाठवतच नाहीत, तेव्हा काही दिसलं नाही म्हणजे डिस्क चांगली, असं समजू नका.

०५, सी५ किंवा सी६ समोर शून्याखेरीज आकडा असेल तर कॅटलॉगचं काम तिथेच थांबवा. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते सगळ्यात आधी. कॅटलॉग त्या नव्या प्रतीचा करा. यूट्यूबवर बघून चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय, चालवायचा मोह होतो, तो टाळा. चेकडिस्कचा दुरुस्तीचा पर्याय फाइलींची मांडणी सरळ करण्यासाठी डिस्कवर लिहितो, आणि सेक्टर मरत असलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे वाचवता येण्यासारखं हातचं घालवणं. प्रत हातात आल्यावर काय हवं ते करा.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज. डिस्क हातातून पडली आहे. विंडोज "फॉरमॅट करायची का?" विचारतं किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये "रॉ", म्हणजे फाइलींची मांडणी ओळखू न येणारी, दाखवतं. आकार शून्य दिसतो. प्रत काढताना डिस्क वारंवार गायब होते. यातलं काहीही असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर डिस्कची वीज काढा आणि पुन्हा लावून बघू नका. फॉरमॅटच्या प्रश्नाला "नाही" म्हणा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं किंवा आपटून बघणं यांनी काही वाचत नाही, उरलेलंही जातं.

माझ्यासारख्या दुरुस्तीच्या दुकानात डिस्क उघडायला देऊ नका, आणि कुणी समोर उघडतो म्हणाला तर तिथून उचला. आतलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा एक कण पुरे होतो. हे काम क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचं. आपल्याकडून पुणे, मुंबई किंवा हैदराबादला पाठवावं लागतं, नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद बरं पडतं. तपासणीचे पैसे वेगळे आहेत का आणि काहीच मिळालं नाही तर किती द्यायचे, हे पाठवण्याआधी लेखी घ्या. काही कंपन्यांच्या एक्स्टर्नल डिस्क आपल्याच बोर्डवरून डेटा एन्क्रिप्ट करतात, म्हणून डिस्क खोक्यातून सोडवू नका. मूळ खोकं, केबल आणि अडॅप्टर सोबत द्या.

आणि त्या डिस्कचा शेवटचा कॅटलॉग, कितीही जुना असला तरी, छापून किंवा पेनड्राइव्हवर डिस्कसोबत पाठवा. पुन्हा न मिळणारे फोल्डर त्यात खूण करून वर घ्या, त्यांचे पूर्ण मार्ग आणि आकार लिहा. मरणासन्न डिस्क लॅबमध्येही किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो, आणि आधी काय वाचायचं हे त्यांना त्याच कागदावरून कळतं.